बिनआवाजाची बॅग

राठोड सरांची शेवटची बॅग मी निवडली होती. निवडताना मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली, आणि ती लपलेलीच राहावी म्हणून पुढे दोनदा खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो. कारण सरांविषयी लिहायला बसलो की माझी लेखणी हळूहळू मलाही चांगला माणूस करून टाकते. एकदा तसं झालंही आहे. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या अंकात मी त्यांच्यावर लेख लिहिला होता. लोकांनी वाखाणला. त्या लेखात बॅग हा शब्द कुठेच नव्हता.

धनसिंग राठोड पांढरकवड्याला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी विज्ञान शिकवतो. ते माझ्यापेक्षा बरेच वडील होते, त्यामुळे मला 'काळे' आणि 'तू' म्हणायचे. मी त्यांना 'सर'. उंच, किडकिडीत, खांद्यात वाकलेला माणूस. चालताना पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवायचे आणि मग सावकाश आत वळवायचे. वर्गात कधी आले ते पोरांना कळायचंच नाही. कागदावर सावली पडली की समजायचं, सर मागे उभे आहेत. पोरांनी त्यांचं नाव 'भूतमास्तर' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. आमचे मुख्याध्यापक एकदा व्हरांड्यात दचकले, हातातला चहा शर्टावर सांडला, आणि ओरडले, "राठोड, अहो निदान खाकरत तरी चला!"

सर गंभीरपणे म्हणाले, "उद्यापासून घंटी बांधतो, साहेब. आमच्या घरात बैलाची पडलीच हाय."

घंटी खरोखरच होती. त्यांचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून जंगलातून दूरदूर न्यायचे. आता तांड्यात सगळ्यांची शेती आहे, कापूस-तूर आहे. पण जंगलातून जायची शिकवण आजोबांकडून सरांपर्यंत पोचली होती. ती ते एका वाक्यात सांगायचे: "दूरचा आवाज राखते, जवळचा आवाज खाते." जनावर लांब असेल तर घंटी वाजू द्यायची, बोलायचं, खोकायचं, म्हणजे ते बाजूला होतं. पण चार हातांवर असेल आणि त्याने आपल्याला पाहिलं नसेल, तर श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

त्यांचा छंद फोटोंचा. कॅमेरा मुठीत मावेल एवढा, आणि सोबत बदलायच्या दोन छोट्या लेन्स. मोठा कॅमेरा त्यांना आवडत नसे. "मोठं नळकांडं रोखलं का माणूस मुडदा होते," म्हणायचे. त्यांचे फोटो एकाच गोष्टीचे असत. आमच्या भागात जंगलाच्या कडेला कोलामांची पोडं आहेत, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्त्या. तिथे मोहाची झाडं घराण्यांमध्ये वाटलेली असतात. कागदावर नाही, रिवाजानं. हे झाड टेकामांचं, ते आत्रामांचं. चैत्रात फुलं गळायला लागली की ज्याचं झाड तो खालचा पाला जाळून जमीन साफ करतो आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन बसतो. सर दर वर्षी त्याच झाडांखाली त्याच घरच्या माणसांचे फोटो काढायचे. वर्षांमागून वर्षं. ते फोटो ओळीने मांडले की झाड जिथल्या तिथे दिसायचं आणि त्याखालची माणसं एकेक करून कमी होत गेलेली दिसायची. मला ते फोटो मोजणीच्या कागदासारखे वाटायचे. मी तसं त्यांना बोललो नाही.

लेतूबाई टेकाम मात्र बोलायची. ती त्यांची सगळ्यात जुनी ओळख. म्हणायची, "सर, तुमच्या फोटोत मीच म्हातारी होऊन राह्यली. हे झाड पाहा कसं नवरदेवावानी उभं हाय. पुढच्या साली मले सोडा, यालेच घ्या."

"पुढच्या साली तू नाई आली तं घेईन," सर म्हणायचे.

"येईन ना. न येऊन जातो कुठं?"

अशा बोलण्यावर दोघंही हसायचे. मला हसू यायचं नाही.

हे सगळं सामान सरांनी एका कोथळीत वागवलं. त्यांच्या याडीनं, म्हणजे आईनं, बंजारा टाक्यांनी भरलेली कापडी पिशवी. तिच्यावर आरशाचे आभले होते, कवड्या होत्या, लोकरीचे गोंडे होते. जंगलात न्यायची म्हणून सरांनी एके दिवशी बसून सगळे आभले उसवले, कारण ते चमकतात. आणि सगळ्या कवड्या काढल्या, कारण त्या एकमेकींवर वाजतात. म्हातारीनं ती बोडकी कोथळी पाहिली आणि मोठ्याने रडली. "कपाळ पुसलं तिचं," म्हणाली. "आता एखाद्या दिवशी हे कोथळी तुले घरी आणनार नाई." सर हा किस्सा सांगताना हसायचे, पण शेवटचं वाक्य नेहमी हळू आवाजात सांगायचे.

आई गेली. नंतर एका पावसाळ्यात उंदरांनी कोथळीचा तळ कुरतडला. सरांनी तो दोनदा शिवला, पण कापडच विरलं होतं. नवी बॅग घेणं भाग होतं.

तेव्हा मला कळलं की या माणसासाठी बॅग निवडणं म्हणजे मुलीला स्थळ पाहण्यासारखं आहे. आम्ही यवतमाळला गेलो. दुकानदाराने काउंटरवर बॅगा मांडल्या तर सरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि डोळे मिटून उभे राहिले.

"उघडा एकेक," ते म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. त्याने पहिली उघडली, चेनचा 'झर्र' असा आवाज आला. "नाई." दुसरीचं बकल 'टक्क' वाजलं. "नाई." तिसरीचं झाकण चिकटपट्टीचं होतं, सँडलला असते तसली. ते ओढताच असा फाडल्यासारखा आवाज निघाला की सरांच्या मानेची शीर ताठ झाली.

"हे चर्रपट्टी तं मले दाखवूच नका."

"काका, बॅग घ्यून राह्यले का हार्मोनियम?" दुकानदार वैतागून म्हणाला.

"हार्मोनियम सुरात तरी वाजते, बाप्पा. हे तं कुत्रं अंगावर आल्यावानी हाय."

परतीच्या एसटीत त्यांनी मला आपल्या अटी सांगितल्या. रंग वाळल्या पानाचा हवा. काळी नको, ती उन्हात तव्यासारखी तापते. डाव्या हाताने उघडता आली पाहिजे, कारण उजव्यात कॅमेरा असतो. चेन चालेल, ती एकेक दात सोडत उघडता येते. पट्टा आडवा, खांद्यावरून कमरेपर्यंत. आणि मापाला नेमकी: कॅमेरा, दोन लेन्स, पुसायचं फडकं, बस. "बॅगीत जागा उरली का माणूस तिच्यात हाव भरते." सगळ्यात शेवटी पुन्हा तेच: "चर्रपट्टी कुठंच नको, काळे. आतमधी बी नको."

"काहून इतकं, सर?"

"अस्वल जवळ असलं तं पहिलं काम काय? कॅमेरा बॅगीत घालाचा, हात रिकामे कराचे. मंग मागं सरकाचं. गळ्यात लोंबकळणारा कॅमेरा झाडाले आपटते, हातात असलेल्या कॅमेऱ्याचा मोह होते. म्हून आधी तो आत. म्हंजे बॅग उघडाचा टाइम तोच, ज्या टाइमाले आवाज होऊ नाई." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आता लवकर येऊन राह्यले ते. लेतूबाईच्या झाडाले या साली नखं दिसली."

मी म्हणालो, "सर, हे दुकानाचं काम नाही. मी ऑनलाइन शोधून देतो. तुम्ही निर्धास्त राहा." शाळेत मोबाइलमधलं मला सगळं कळतं असा माझा लौकिक होता आणि तो मला आवडत होता.

मी शोधली. फोटोत ती अगदी हवी तशी होती. पानाच्या रंगाची, लहान, वर चेनचा कप्पा, पुढे झाकणाचा कप्पा, त्यावर दोन चामडी पट्टे आणि पितळी बकलं. बॅग घरी आली तेव्हा मी पुढचं बकल सोडायला गेलो आणि झाकण सरळ हातात आलं. चर्रर्र. बकलं नुसती शोभेची होती. खाली चर्रपट्टी होती.

परत पाठवता आली असती. पण फुलं गळायला सुरुवात झाली होती, आणि मी सरांना "मिळाली, एकदम तुमच्या अटींची" असं आदल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून बसलो होतो. मनात असंही आलं की म्हाताऱ्याचे हे चोचले आहेत. एवढ्याशा आवाजाने काय होतंय. मग मी गोंद लावलेली कापडी टेप आणली, तिची वाळल्या पानाच्या रंगाशी जुळणारी लांब फीत कापली, आणि चर्रपट्टीच्या काट्यांवर नीट चिकटवली. झाकण आता आवाज न करता उघडत होतं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

सरांनी डोळे मिटून झाकण दोनदा उघडलं, मिटलं. "झाकण सैल हाय काय?"

"आवाज नको होता ना, सर?"

ते समाधानाने हसले. "लेका, तुह्यावर भरवसा ठेवला तं खोटा नाई पडला."

नव्या वस्तूचा वास जंगलात जाऊ नये म्हणून ती उन्हात टांगून ठेवायची त्यांची पद्धत होती. चप्पल, टोपी, रुमाल, सगळं. हे मला माहीत होतं. त्या आठवड्यात मी काही उत्तरपत्रिका द्यायला दुपारी त्यांच्या घरी गेलो. सर आत झोपले होते. वहिनींनी दार उघडलं. अंगणात तारेवर ती बॅग टांगलेली होती, आणि आमच्याकडचं चैत्रातलं ऊन तिच्यावर उभं होतं. झाकण वाऱ्याने हलत होतं. त्याखालच्या फितीचं एक टोक वाळल्या पानासारखं वळलं होतं.

मी जवळ गेलो. ते टोक अंगठ्याने दाबलं. गोंद पातळ झाला होता. फीत खाली बसायच्या ऐवजी माझ्या अंगठ्यालाच चिकटून वर आली. मी ती पुन्हा दाबली.

"चहा टाकू का, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

"नको वहिनी. घाईत आहे."

सरांना उठवायला दहा पावलं चालावी लागली असती. मी गाडीला किक मारली आणि निघालो. रस्त्याने जाताना अंगठा पँटीला पुसत होतो.

पुढच्या सकाळी मीही त्यांच्यासोबत गेलो. का गेलो ते नक्की सांगता येत नाही. वाटेत बॅग मागून घेईन, काहीतरी कारण काढीन, असं रात्री ठरवलं होतं. पण वहिनींनी तारेवरून काढून ठेवलेली बॅग सरांनी तशीच गळ्यात अडकवली, लेन्स वरच्या कप्प्यात टाकल्या, कॅमेरा हातात धरला, आणि चालू लागले. बॅग त्यांच्या काखेखाली दाबलेली होती. पुढचं झाकण त्यांनी उघडलंच नाही. मी मागून चालत होतो आणि त्या झाकणाकडे बघत होतो. बोलायचं म्हणून तोंड उघडलं की ते वळून ओठावर बोट ठेवायचे.

उजाडत होतं. मोहाचा वास एवढा दाट होता की घशात बसत होता. लेतूबाई तिच्या झाडाखाली उकिडवी बसून फुलं वेचत होती, शेजारी पाण्याचा पत्र्याचा डबा होता. तिने आम्हाला पाहिलं, हसली, आणि मग तिचं हसू तसंच थांबलं. ती आमच्या उजवीकडे पाहत होती.

शेजारच्या झाडाखाली अस्वल होतं. मान खाली घालून फुलं खात होतं, आणि त्याच्या पोटाखाली पिलू होतं. एवढं जवळ की त्याचं फुंकरणं ऐकू येत होतं. त्याने आम्हाला पाहिलं नव्हतं. सरांनी मागे हात करून मला थांबवलं. ते लेतूबाई आणि अस्वल यांच्या मधोमध उभे होते. त्यांनी पाऊल हलवलं नाही. पायाखाली लेतूबाईने झाडून घेतलेली स्वच्छ जमीन होती. तिथे काडीसुद्धा नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळं त्यांच्या नियमाप्रमाणे चाललं होतं. उजव्या हातातला कॅमेरा सावकाश खाली आला. डावा हात झाकणाकडे गेला.

मला तेव्हा ओरडता आलं असतं. मी फक्त डोळे मिटले. म्हणून मी आधी तो आवाज ऐकला. चर्रर्र. आणि त्यानंतर दुसरे आवाज.

लेतूबाईनं डबा बडवला. ती ओरडत पुढे गेली, मागे नाही. अस्वल पिलाला घेऊन नाल्यात उतरलं. हे सगळं घडायला फार वेळ लागला नसावा. मी डोळे उघडले तेव्हा सर पालथे पडले होते आणि फुलं लाल झाली होती.

ते वाचले. आधी यवतमाळ, मग नागपूर. एक कान गेला, गालापासून मानेपर्यंत शिवण आली, दुसऱ्या कानाचं ऐकणं पुढे कमी कमी होत गेलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर लेतूबाई सगळ्यांना सांगत होती, "कपडा फाटल्यावानी आवाज आला. टराटरा."

मी पटकन म्हणालो, "पायाखाली काडी मोडली असेल, बाई. तशीच वाजते."

त्यानंतर तिने कपड्याचं नाव काढलं नाही. मी शिकलेला माणूस होतो. हे माझं पहिलं खोटं. तेच पुढे सगळीकडे गेलं: शाळेत, तांड्यात, पोडावर. राठोड सरांच्या पायाखाली काडी मोडली. धावपळीत बॅग माझ्याकडेच राहिली होती. ती मी घरामागे जाळली. वितळलेल्या प्लास्टिकचा वास दोन दिवस जाईना.

शुद्धीवर आल्यावर सरांना त्या क्षणाचं काही आठवत नव्हतं. लेतूबाई हसली इथपर्यंत आठवत होतं. त्यांनी मला खाटेजवळ बसवलं. "काळे, तू होता ना तिथं. काय झालं, खरं सांगजो."

"काडी मोडली, सर."

"माह्या पायाखाली?"

"हो."

त्यांनी चादरीखालचे पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाले, "लेतूबाई मेली असती." स्वतःच्या कानाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

तिथून पुढचा माणूस मी ओळखत होतो तो नाही. त्यांनी जंगल सोडलं. फोटो सोडले. कॅमेरा कपाटात गेला. पण मला खरं टोचलं ते त्यांचं चालणं. ते खाली बघून चालू लागले. प्रत्येक पावलाआधी थांबायचे, जमीन बघायचे, मग पाय टाकायचे. घरातल्या फरशीवरसुद्धा. निरोपसमारंभाला त्यांचं नाव पुकारल्यावर खुर्चीपासून माइकपर्यंत जायला त्यांना इतका वेळ लागला की टाळ्या वाजून संपल्या, पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा संपल्या. लोकांना वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा. वहिनी मला म्हणाल्या, "रात्री उठून पाय चोळत बसतात. म्हणतात, यायनंच दगा दिला."

मी जात राहिलो, दर रविवारी, फळं घेऊन. लोक म्हणायचे, काळे सरांसारखा सोबती मिळायला नशीब लागतं.

यंदा चैत्रात आम्ही दोघं आठवडी बाजारात गेलो होतो. सरांना भाजी घ्यायची होती. मिरचीवाल्यांच्या रांगेत लेतूबाई भेटली. आता बरीच वाकली आहे. तिने सरांचा हात धरला आणि त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "सर! फुलं पडून राह्यली! येत नाई काय?"

"नाई, बाई."

"दोन साल झाले, फोटो नाई. झाड रुसलं हाय तुमच्यावर."

"माह्या पायाले भरवसा नाई उरला," सर म्हणाले. "एकदा वाचली तू. मी आलो तं या खेपी कोणाचा तरी जीव घेईन."

"असं कायले बोलता? म्या पाह्यलं ना, तुमचा पाय..." ती अडखळली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट पाहत होती.

मी सरांच्या जवळ सरकलो. हळू आवाजात म्हणालो, "सर, काडी मोडली नव्हती."

"काय?"

"काडी नव्हती, सर."

"आयकू नाई येत, बाप्पा. जोरानं बोल ना."

भोवती माणसं होती. आमच्या शाळेच्या पोरांचे आईबाप होते. मिरचीवाला वजन करता करता थांबला होता. इतक्या वर्षांत वर्गातसुद्धा ओरडलो नसेन एवढ्या मोठ्याने मी ओरडलो, "तुमच्या पायाखाली काडी नव्हती! तुमचा पाय हलला पण नव्हता! बॅगेला चर्रपट्टी होती! मला ते माहीत होतं! मी वरून फीत चिकटवून ती झाकली, आणि उन्हात फीत सुटलेली पाहिली तरी बोललो नाही! नंतर तुमच्यावर ढकललं! सर, मला माफ करा!"

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी खाली, चपलांतल्या स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने.